रबरवुड टिकते की नाही, हे तोडणीनंतरच्या आठवड्यातच ठरते

संपादक महोदय,

रबरवुडचे, म्हणजे रबराच्या झाडाच्या लाकडाचे, फर्निचर हल्ली ‘पर्यावरणपूरक’ म्हणून सर्रास विकले जाते. दावा बराचसा खरा आहे. रबराचे झाड सहा-सात वर्षांचे झाले की चीक देऊ लागते, आणि पंचवीस-तीस वर्षांनी उत्पन्न घटले की मळेवाला ते तोडून नवी लागवड करतो. लाकडासाठी म्हणून ते कोणी पाडत नाही. पूर्वी हेच ओंडके वीटभट्टीत किंवा रबराच्या शीटना धुरी देण्यात जळून जात. मलेशियातल्या फर्निचर उद्योगाने १९८० च्या दशकात ते मोठ्या प्रमाणावर वापरात आणले, तेव्हा कुठे त्याला लाकूड म्हणून किंमत आली.

मात्र मळा कुठल्या जमिनीवर उभा राहिला, हेही पाहावे लागते. आग्नेय आशियात नैसर्गिक जंगल साफ करून रबर लावले गेले आहे. म्हणूनच युरोपीय संघाच्या २०२३ च्या जंगलतोडविरोधी नियमात लाकूड आणि रबर दोन्ही आले. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचा माल त्या नियमाप्रमाणे चालत नाही.

जाहिरातीत जे कधीच येत नाही ते पुढचे. दोन-तीन वर्षांत पोखरून जाणारी खुर्ची कसली पर्यावरणपूरक? सागवानात जसा वेगळा, टणक, किडीला न रुचणारा गाभा असतो, तसा रबरवुडमध्ये नसतो. ओंडका सालीपासून मध्यापर्यंत जवळजवळ एकाच प्रकृतीचा, आणि स्टार्च व साखरेने भरलेला. ओला ओंडका उष्ण, दमट हवेत पडून राहिला तर काही दिवसांतच बुरशीने त्यावर निळे-काळे डाग धरतात. ते आत शिरतात, रंध्याने जात नाहीत. पाठोपाठ पावडर भुंगा येतो. तो लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांत अंडी घालतो, अळ्या आतून स्टार्च खातात आणि मैद्यासारखी भुकटी बाहेर पडते. म्हणून तोडल्यापासून दोन-तीन दिवसांत ओंडका कापून फळ्या औषधाच्या टाकीपर्यंत पोचल्याच पाहिजेत. उशीर झालेला माल नंतर कितीही औषध पाजले तरी डागाळलेलाच राहतो.

औषध म्हणजे बोरिक ॲसिड आणि टाकणखार ही बोरॉनची दोन संयुगे, साधारण एकास दीड या प्रमाणात. फळ्या बंद सिलिंडरमध्ये घालून आधी हवा ओढून घेतात, मग द्रावण दाबाने आत ढकलतात. हे लाकूड सच्छिद्र असल्याने द्रावण फळीच्या मध्यापर्यंत सहज जाते. ज्या गुणामुळे कीड लागते तोच इथे कामाला येतो. सिलिंडर नसेल तर ओल्या फळ्या सुमारे दहा टक्के तीव्रतेच्या कोमट द्रावणात बुडवून, थप्पी लावून, प्लास्टिकखाली दोन ते चार आठवडे ठेवतात. द्रावण थंड असेल तर क्षार तळाशी बसतो आणि फळीला नुसते पाणी मिळते. प्लास्टिक फाटके असेल तर फळी आधीच सुकते आणि औषध आत सरकत नाही, कारण ते ओलीतूनच पसरते.

वरवर दिलेले औषध पुरत नाही. रंधा मारताना दोन-तीन मिलिमीटर जातात आणि त्यांच्याबरोबर संरक्षणही जाते. तपासणी सोपी आहे. फळी टोकाशी न कापता मधोमध आडवी कापायची, कारण टोकातून औषध नेहमीच जास्त शिरते. ताज्या कापावर हळदीचा अल्कोहोलमधला अर्क लावायचा, तो वाळला की सॅलिसिलिक ॲसिड विरघळवलेले सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचे अल्कोहोलमधले द्रावण. बोरॉन असेल तिथे लाल, नसेल तिथे पिवळे. कडा लाल आणि मध्य पिवळा दिसला तर ती फळी परत पाठवावी. (ॲसिडचे काम कारखान्यातच करावे, घरी नको.)

मग भट्टीत आठ ते दहा टक्के ओलीपर्यंत सुकवणे. इथे घाई केली की फळ्या पिळवटतात, कारण या झाडात ताणाखाली वाढलेले लाकूड बरेच असते. तेच लाकूड करवतीखाली लोकरीसारखे उठते आणि त्या जागी स्टेन (लाकडाला द्यायचा रंग) जास्त शोषून काळपट ठिपके पडतात. पाते धारदार ठेवणे आणि स्टेनआधी पातळ सीलर (छिद्रे बुजवणारा थर) मारून घासणे, एवढाच त्यावर इलाज.

मोठे अखंड तुकडे मिळत नाहीत. लहान पट्ट्या फिंगर जॉइंटने (बोटांसारखे दाते एकमेकांत बसवून) लांब आणि कडेला कड चिकटवून रुंद करतात. त्यात कमीपणा काही नाही. कमीपणा असतो तो तक्ता फ्रेमला घट्ट आवळण्यात. लाकडातली ओल आठवरून बारा टक्क्यांवर गेली तर मीटरभर रुंदीचा तक्ता चार-पाच मिलिमीटर फुगू शकतो. स्क्रूला लांबट छिद्र दिले नाही तर तक्ता वाकतो, नाहीतर सांधा फाटतो.

बोरॉन पाण्यात विरघळून निघून जाते. त्यामुळे बाग, उघडी गच्ची, न्हाणीघर या जागा रबरवुडला वर्ज्य, वर कितीही पॉलिश असो. तसेच ‘रबरवुड फिनिश’ म्हणजे रबरवुड नव्हे. बऱ्याचदा तो भुशाच्या बोर्डावर चिकटवलेला कागद असतो. तक्ता उलटून कापलेली कड पाहावी: लाकडाची छिद्रे आणि पट्ट्यांचे जोड दिसले तर लाकूड, दाबलेले कण दिसले तर बोर्ड.

उत्पादकांनी लेबलावर ‘पर्यावरणपूरक’ या एका शब्दाऐवजी तीन गोष्टी छापाव्यात: माल कोणत्या भागातल्या मळ्याचा, बोरॉन फळीच्या मध्यापर्यंत तपासले आहे का, आणि कारखान्यातून निघताना ओल किती टक्के होती. यातले काहीच गुपित नाही. चांगल्या कारखान्यात हे आकडे रोज वहीत लिहिले जातात.

— फर्निचर व्यवसायातील एक वाचक