आठ आण्यांचा बर्फ

सोलापूर,
५ जानेवारी

प्रिय शिन्या,

परवा रात्री मोबाइलवर 'द ब्लॉब' पुन्हा पाहिला. तोच रे, आपला 'लाल गोळा'. खरं नाव तेव्हा कुठं माहीत होतं! गल्लीनं वर्गणी काढून व्हीसीआर आणला होता. दोन हिंदी पिक्चर झाले आणि पहाटेकडं ही इंग्रजी कॅसेट लागली. मोठी माणसं चादरी ओढून तिथंच झोपली, आपण दोघं पोत्यावर बसून राहिलो. शेजारच्या कारखान्यात माग खडखडत होते, एक शब्द ऐकू येत नव्हता. आला असता तरी कळला नसता.

गोष्ट एवढीशीच. आकाशातून दगड पडतो, एक म्हातारा तो काठीनं ढोसतो, दगड फुटतो आणि आतला चिकट गोळा काठीवरून सरसर त्याच्या हातावर चढतो. सुटता सुटत नाही. मग माणसं गिळत तो वाढतो, आणि जितकी गिळतो तितका लाल होतो. आता वाचलं, तो सिलिकॉनचा लगदा होता, लाल रंग कालवलेला. पिक्चर १९५८ चा, खर्च १ लाख १० हजार डॉलरच्या आसपास. शाळकरी पोरगा झालेला स्टीव्ह मॅक्वीन तेव्हा सत्ताविशी गाठलेला होता, ते दिसतं. घरं खेळण्यातली, तेही दिसतं. तरी हाताचा तो प्रसंग आला आणि मी पिक्चर थांबवला. पुढं बघवेना.

त्या सकाळी बाबा डाइंगची रात्रपाळी करून आले, तेव्हा त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत लाल होता. तसा रोजच असायचा. सुताच्या पेंड्या रंगात बुचकळायच्या, पिळायच्या, पुन्हा बुचकळायच्या. नखांच्या कडेची लाली रॉकेलनं घासली तरी जात नसे. पण त्या दिवशी त्यांनी मला जवळ घ्यायला तो हात पुढं केला आणि मी किंचाळत तुझ्या घरी पळालो.

पिक्चरमधला पोरगा जीव तोडून सांगतो आणि पोलीस त्याचं खरं मानत नाहीत. आपल्या गल्लीतही सगळे हसले. तू हसला नाहीस. एवढंच विचारलंस, "कुठवर चढलंय बे?"

तो गोळा थंडीला भितो, हे तुझ्या बरोबर ध्यानात राहिलं होतं. दुकानाच्या थंड खोलीत शिरायला तो धजत नाही. शेवटी आग विझवायच्या नळकांड्यांतला कार्बन डायऑक्साइड मारून त्याला गोठवतात आणि विमानानं उत्तर ध्रुवाकडं नेऊन टाकतात. तू धावत जाऊन आठ आण्यांचा बर्फ आणलास, भुशात गुंडाळलेला. बाबा झोपले होते. आपण तो खडा त्यांच्या हातावर ठेवला.

ते जागे झाले. आधी तुझ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. काही विचारलं नाही, हात हलवला नाही. बर्फ पूर्ण विरघळेपर्यंत तसाच ठेवला. शहाबादी फरशीवर गुलाबी पाणी ठिबकत होतं. मग म्हणाले, "गेलं का रे?"

तू म्हणालास, "गेलं काका."

रात्रभर उभं राहून आलेला माणूस, शिन्या. बाबांना जाऊन सात वर्षं झाली आणि हे मला परवा आठवलं, त्या सिलिकॉनच्या गोळ्यामुळं. कुणी त्या पिक्चरला टुकार म्हणू दे, मला तो आयुष्यभर पुरेल. एकट्यालाच तसं वाटतं असंही नाही. अमेरिकेत फीनिक्सव्हिल म्हणून गाव आहे. तिथल्या कलोनिअल थिएटरात गोळा शिरतो आणि लोक ओरडत बाहेर पळतात, आठवतंय? ते थिएटर अजून चालू आहे, आणि दर जुलैत लोक तिथं जमून तसंच ओरडत बाहेर धावतात.

यंदा गड्ड्याच्या जत्रेला ये. भिवंडीचे माग चार दिवस तुझ्यावाचून चालतील. पोरांना घेऊन ये, अंगणात चादर बांधून पिक्चर लावू.

आणि ते आठ आणे तू कुठून आणले होतेस, कधी सांगितलं नाहीस. या वेळी सांग.

अम्मांना नमस्कार.

तुझा,
दिल्या