एअर प्युरिफायर घेताना सीएडीआर लेखी मागा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातील टीव्ही-फ्रिजच्या दुकानांत अलीकडे एअर प्युरिफायरही दर्शनी भागात मांडलेले दिसतात. पूर्वी ही दिल्लीकडची वस्तू समजली जात असे. आता घरात दम्याचे मूल किंवा धाप लागणारे वडीलधारे माणूस असले, की नातेवाईक हे यंत्र सुचवतात, आणि लोक दुकानात जाऊन विक्रेता दाखवील ते घेऊन येतात. उद्यमबागेतील एका फाउंड्रीत धूळ ओढणाऱ्या बॅग फिल्टरची देखभाल करण्यात माझी सारी नोकरी झाली. घरातल्या प्युरिफायरचे तत्त्व त्याहून वेगळे नाही. पंखा हवा ओढतो, फिल्टर कण अडवतो, आणि काम किती होणार हे त्या दोघांच्या मेळावर ठरते. हा मेळ न तपासता होणारी खरेदी पाहून वाईट वाटते, कारण हे पैसे बहुतेक घरांत आजारी माणसासाठी काढून ठेवलेले असतात. म्हणून हे पत्र.

प्रथम आपल्या हवेविषयी. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ साली सुरू झाला. त्यात कर्नाटकातील बेंगळुरू, हुबळी-धारवाड, दावणगेरे आणि कलबुर्गी ही शहरे आली. बेळगाव आले नाही. त्यामुळे आपल्याकडची हवा चांगलीच आहे, असा समज पसरला आहे. पावसाळ्याचे चार महिने तो बऱ्याच अंशी खराही असतो. परंतु गळीत हंगाम सुरू झाला, की ऊसपट्ट्यात पाचट पेटते, खानापूर तालुक्यात विटांच्या भट्ट्या धुमसतात, निपाणीच्या तंबाखू वखारींजवळ खकाणा उडतो आणि महामार्गालगतच्या वस्त्यांवर धुळीचा थर बसतो. संपूर्ण शहराची सरासरी आणि आपल्या खिडकीबाहेरची हवा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर जाणारे, अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण, म्हणजेच पीएम २.५, चोवीस तासांच्या सरासरीने एक घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅमपर्यंत असावेत, अशी आपल्या देशाची मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हीच मर्यादा १५ वर आणली. मोबाइलवरचा हवा निर्देशांक हा मात्र मायक्रोग्रॅमचा आकडा नव्हे. आपल्या पद्धतीत पीएम २.५ चे प्रमाण ६० असते, तेव्हा निर्देशांक १०० दाखवतो. दुकानातील यंत्राच्या पडद्यावरचा आकडा या दोहोंपैकी कोणता, हे विचारल्याखेरीज त्याला काही अर्थ नाही.

आता मुख्य मुद्दा. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘४०० चौरस फुटांसाठी’ किंवा ‘५०० चौरस फुटांसाठी’ असे लिहिलेले असते आणि बहुतेक ग्राहक तेवढेच वाचतात. परंतु खोलीतील हवा तासातून किती वेळा गाळली जाईल, हे गृहीत धरल्याशिवाय असा दावा करताच येत नाही, आणि ते गृहीतक खोक्यावर क्वचितच छापलेले असते. तासाला एकदा हवा फिरली तरी पुरे, असे मानले तर छोटे यंत्रही दिवाणखान्याला पुरते; पाच वेळा फिरावी म्हटले, तर तेच यंत्र लहानशा झोपण्याच्या खोलीपुरते उरते. म्हणून विचारायचा तो सीएडीआर, म्हणजे यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देते तो आकडा. फिल्टर कितीही उत्तम असला तरी पंखा दुबळा असेल, तर खोलीतील बहुतांश हवा त्या फिल्टरपर्यंत पोहोचतच नाही. फाउंड्रीत पिशव्या कोऱ्या करकरीत असूनही पंख्याचा पट्टा सैल झाला, की शेडमध्ये धूळ तशीच तरंगत राहते. सीएडीआरमध्ये पंखा आणि फिल्टर या दोघांची एकत्र परीक्षा होते, म्हणून मला तो सर्वांत प्रामाणिक आकडा वाटतो.

हिशेब अवघड नाही. बारा फूट लांब, बारा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत १४४० घनफूट, म्हणजे सुमारे ४१ घनमीटर हवा मावते. दम्याच्या रुग्णासाठी ती तासाला पाच वेळा गाळली जावी असे धरले, तर सुमारे २०५ सीएडीआरचे यंत्र लागते. काही कंपन्या हा आकडा घनमीटरऐवजी मिनिटाला इतके घनफूट असा देतात, त्याला १.७ ने गुणले, की तासाचे घनमीटर मिळतात. यात आणखी एक मेख आहे. छापलेला सीएडीआर पंखा सर्वांत जोरात असतानाचा असतो, आणि त्या वेगाचा आवाज झोपेत सहन होत नाही. रात्री यंत्र मंद वेगावर ठेवले, की मिळणारी हवा निम्म्याहूनही कमी होऊ शकते. त्यामुळे गणिताने २०५ आले असले, तरी ३०० च्या आसपासचे यंत्र घेऊन ते मधल्या वेगावर चालवणे शहाणपणाचे. विजेची धास्ती नको. पन्नास वॅटचे यंत्र रात्री दहा तास चालले, तर हेस्कॉमच्या बिलात महिन्याला १५ युनिटे वाढतात.

सीमाभागातील जुन्या घरांना मात्र हा हिशेब जसाच्या तसा लागू पडत नाही, हे आवर्जून सांगावेसे वाटते. खानापूरच्या कौलांनी शाकारलेल्या घरांत भिंत आणि छप्पर यांमध्ये फट असते, वर माळा मोकळा असतो आणि शेजारच्या बंबाचा धूर वरच्या वर आत उतरतो. अशा घरात कितीही महाग यंत्र आणले, तरी ते बाहेरची हवाच गाळत बसते. तेथे आधी रुग्णाच्या एका खोलीला तक्तपोशी किंवा साधे फॉल्स सीलिंग करून फटी बुजवाव्यात आणि मग त्या एका खोलीपुरतेच यंत्र घ्यावे. सगळ्या घराला एक यंत्र, हा विचार नव्या फ्लॅटमध्येही टिकत नाही.

फिल्टरच्या बाबतीत ‘हेपा’, म्हणजे अतिसूक्ष्म कण अडवणारा फिल्टर, हा शब्द पाहून लोक समाधान मानतात. खऱ्या हेपाला ठरलेले मोजमाप आहे. युरोपीय वर्गवारीतील एच १३ फिल्टरने सर्वांत अवघड आकाराच्या कणांपैकी ९९.९५ टक्के कण अडवले पाहिजेत. अमेरिकेतील जुन्या व्याख्येत ०.३ मायक्रॉनच्या कणांसाठी ९९.९७ टक्के ही अट आहे. ‘हेपा टाइप’ किंवा ‘हेपासारखा’ या शब्दांमागे असे कोणतेही मोजमाप नाही. ०.३ मायक्रॉनच का, असे मला अनेक जण विचारतात. त्याहून मोठे कण तंतूंवर आदळून अडकतात, अगदी बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात सैरावैरा भरकटतात आणि शेवटी तंतूला चिकटतात. मधल्या आकाराचे कण तेवढे दोन्हींतून निसटू पाहतात. म्हणून परीक्षा त्यांच्यावरच घेतली जाते.

धुराचा वास, रंगाचा किंवा नव्या फर्निचरचा दर्प मात्र हेपा अडवू शकत नाही, कारण तो वायू असतो. त्यासाठी सक्रिय कोळसा लागतो, आणि तो भरपूर लागतो. स्पंजवर काळी भुकटी फासलेली पातळ चकती थोड्याच दिवसांत निकामी होते. आयनायझर, प्लाझ्मा अशा नावांच्या जोडण्या असलेली यंत्रे मी कुणाला सुचवत नाही. त्यांतील काहींतून ओझोन बाहेर पडतो, आणि दम्याच्या माणसाला ओझोन अपायकारक आहे. कॅलिफोर्निया राज्याने अशा यंत्रांतून निघणाऱ्या ओझोनवर दहा लाख भागांत ०.०५ भाग अशी मर्यादा घातलेली आहे. ती जोडणी वेगळ्या बटणाने बंद करता येत नसेल, तर ते यंत्र दुकानातच राहू द्यावे.

यंत्राची विश्वासार्हता पहिल्या महिन्यात कळत नाही. ती फिल्टर बदलायची वेळ येते तेव्हा कळते. हेपा फिल्टर धुता येत नाही. पाण्याने त्याचे तंतू बिघडतात. धुवायची ती फक्त पुढची जाळी, आणि तीही पूर्ण वाळवूनच बसवायची. फिल्टर भरला, की हवा कमी येऊ लागते आणि यंत्र नुसते गुणगुणत राहते. समजा, यंत्र आठ हजारांचे आहे आणि दरवर्षी अडीच हजारांचा फिल्टर लागतो, तर चार बदल्यांत फिल्टरचा खर्च यंत्राच्या किमतीपुढे जातो. तेव्हा फिल्टरची आजची किंमत, तो बेळगावात मिळतो की कोल्हापूर-हुबळीहून मागवावा लागतो, आणि सेवा केंद्राचा माणूस खेडेगावात घरी येतो का, या गोष्टी खरेदीपूर्वी विचाराव्यात. माझ्या मते, चार गुण कमी असलेले पण फिल्टर सहज मिळणारे यंत्र, नाव मोठे पण फिल्टर दुर्मिळ अशा यंत्राहून केव्हाही बरे.

येथे एक पाहिलेली गोष्ट सांगतो. शहापुरातील एका नातलगांकडे आजींसाठी चांगले यंत्र घेतले होते, तरी खोकल्यात फरक नव्हता. मी मागचे झाकण काढले, तर फिल्टर कारखान्यातून आला तसाच पारदर्शक प्लॅस्टिक पिशवीत बंद होता. पंखा फिरत होता, दिवा हिरवा होता, पडदा आकडेही दाखवत होता. यंत्र घरी आणून जोडून देणाऱ्या माणसाने झाकण उघडून पाहिले नव्हते, आणि माहितीपत्रक इंग्रजीत असल्याने घरात ते कुणी वाचले नव्हते. ज्यांच्या घरी यंत्र आहे त्यांनी आजच झाकण उघडून पाहावे, ही माझी विनंती आहे.

त्या हिरव्या दिव्यावर विसंबू नये, हेही त्यातून लक्षात यावे. यंत्रातील संवेदक यंत्राच्या तोंडाजवळची हवा मोजतो. पलंगाजवळच्या हवेची त्याला खबर नसते. चार-पाच घरांनी मिळून पीएम २.५ मोजणारे एक वेगळे छोटे उपकरण घ्यावे, दारे-खिडक्या लावून ते यंत्रापासून दूर, उशाशी ठेवावे आणि यंत्र पूर्ण वेगाने चालवावे. खोलीला पुरेसे यंत्र असेल, तर अर्ध्या तासात आकडा निम्म्याहून बराच खाली येतो. येत नसेल, तर यंत्र अपुरे आहे, फट कुठेतरी राहिली आहे किंवा धूर घरातच तयार होत आहे.

या शेवटच्या शक्यतेकडे आपण सर्वांत कमी पाहतो. डासांची एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते. रुग्णाच्या खोलीत कॉइल लावून शेजारी प्युरिफायर चालवणे म्हणजे पैसे आणि श्वास दोन्ही वाया घालवणे होय. मच्छरदाणी लावावी, धूप आणि उदबत्ती देवघरात दार ओढून लावावी, फोडणीच्या वेळी एक्झॉस्ट पंखा सुरू ठेवावा. यासाठी फारसा खर्च येत नाही, आणि एवढे करूनही त्रास उरला तरच यंत्राकडे वळावे.

एक धोका मात्र जिवावरचा आहे. जळणातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू प्युरिफायर अडवत नाही. थंडीत शेकायला कोळशाची शेगडी खोलीत आणून, यंत्र चालू आहे म्हणून खिडक्या घट्ट लावल्या, तर त्या खोलीत झोपलेल्यांचा जीव जाऊ शकतो. न्हाणीघरातील गॅस गिझरचेही तेच. जेथे काही जळते, तेथे खिडकी उघडीच हवी. तसेच, यंत्र आले म्हणून डॉक्टरांनी दिलेला इन्हेलर कुणी बंद करू नये.

विक्रेत्यांनाही एक विनंती आहे. एका दुकानात मी सीएडीआर विचारला, तेव्हा ‘साहेब, हे पाचशे फुटांचं आहे’ एवढेच उत्तर मिळाले, आणि आकडा बिलावर लिहून देण्यास नकार मिळाला. विकणाऱ्याला आकडा ठाऊक नसेल तर तो कंपनीकडून मागवावा. ग्राहकांनी मॉडेलचे पूर्ण नाव, सीएडीआर, फिल्टरचा वर्ग आणि वॉरंटीत फिल्टर येतो की नाही, हे बिलावर लिहून घ्यावे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविरुद्ध ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दाद मागता येते आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. पण हातात लेखी काही असेल, तरच त्या तक्रारीला वजन येते. आपल्या वृत्तपत्रानेही हवामानाच्या रकान्यात तापमानाशेजारी त्या दिवसाचा पीएम २.५ चा आकडा छापावा. यंत्र कोणत्या महिन्यांत चालवायचे आणि कोणत्या महिन्यांत खिडक्या उघड्या टाकायच्या, हे त्यावरून घरोघरी ठरवता येईल.

आपला विश्वासू,
उद्यमबागेतील एक निवृत्त फोरमन
टिळकवाडी, बेळगाव