मनू, संध्याकाळी सात वाजता कुठे असशील?

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तुझी महालक्ष्मी सुटली आणि आम्ही दोघं रिक्षाने घरी आलो. आई तशीच देवासमोर जाऊन बसली. फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहितोय. दवाखान्यातलं काही काढायचं नाही असं ठरवलंय. एवढंच विचारतो, ऑफिस सुटल्यावर, सात वाजता, तू कुठे असशील?

समुपदेशक बाईंनी दिलेली एए, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगची यादी पर्समध्ये आहे ना? तुझ्या खोलीपासून जवळच्या दोन ठिकाणांवर मी पेनाने खूण केली आहे. एक चर्चच्या हॉलमध्ये, दुसरं शाळेच्या वर्गात. निघण्याआधी हेल्पलाइनला फोन करून वेळ पक्की कर, जागा कधी कधी बदलते. चर्च बघून बिचकू नकोस, ते फक्त जागा देतात. तिथे फी नाही, आडनाव कुणी विचारत नाही. दारू सोडायची इच्छा असावी, एवढीच अट. शेवटी पेटी फिरते, तीत वाटलं तर दहा रुपये टाकायचे, नाही टाकले तरी चालतं. पहिल्या दिवशी बोलायलाच हवं असंही नाही. 'आज ऐकायला आलेय' म्हणालीस तरी पुरे. मुंबईत मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत मीटिंग होतात. एका ग्रुपमध्ये नाही रमलीस तर दुसरीकडे जा, पण एक नाही आवडली म्हणून सरळ खोलीवर जाऊ नकोस.

'बाबा, तिथे सगळे पुरुषच असतील,' असं तू म्हणालीस. बरेचसे असतीलही. एए १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली तेव्हा तर जवळजवळ सगळे पुरुषच होते. मार्टी मान नावाची बाई १९३९ साली ब्रुकलिनला, एए सुरू करणाऱ्या दोघांपैकी बिल यांच्या घरी, पहिल्या मीटिंगला गेली ती अशाच पुरुषांत. सुरुवातीला तिच्याही स्लिप झाल्या, म्हणजे ती पुन्हा प्यायली, तरी परत परत गेली, आणि पुढे तिने दारूचं व्यसन हा आजार आहे हे लोकांना सांगण्यात आयुष्य घातलं. आता तर फक्त बायकांच्या मीटिंगही असतात, ऑनलाइनही असतात. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने बायकांसाठी निशिगंध हे वेगळं केंद्र काढलं, ते गरज होती म्हणूनच ना? फोन नंबर मात्र बायकांचेच घे, आणि स्पॉन्सरही, म्हणजे वाट दाखवणारी जुनी मेंबर, बाईच कर. जुने मेंबर हेच सांगतात.

पाचच्या सुमाराला काहीतरी खात जा. भूक, राग, एकटेपणा, थकवा, या चारांपासून सांभाळायला शिकवलंय ना तुम्हाला? सातला हे चारही एकदम गाठतात. स्टेशनच्या ज्या बाजूला ती दुकानं आहेत तिकडून बाहेर पडू नकोस, पाच मिनिटं जास्त लागली तरी पुलावरून जा. आणि समजा कधी पाय घसरलाच, चार-आठ दिवस प्यायलीस, तर लाजून मनानेच एकदम बंद करू नकोस. आधी डॉक्टर. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. त्या सकाळी बशीवर कप कसा खडखडत होता, दोन्ही हातांनी धरूनही चहा तुझ्या ड्रेसवर सांडला, आणि तू आईला म्हणालीस, 'थंडी वाजतेय.' मे महिना होता.

बघ, काढणार नव्हतो ते काढलंच. पुन्हा भाषणही झालं. रागावू नकोस.

तुला आठवतं का, चौथीच्या सुट्टीत कृष्णेवर पोहायला शिकत होतीस? पाठीला डबा बांधलेला. काकाने बाकीच्यांचे डबे सोडले, तुझा ठेवला, कारण तू सगळ्यांत बारकी. तू घाटामागे जाऊन स्वतःच दोरी सोडलीस आणि कुणाला न सांगता उडी मारलीस. मी कपडे धरून पायरीवर उभा होतो. ओरडलो असतो तर दचकली असतीस, म्हणून गप्प राहिलो. पलीकडच्या खडकाला हात लावून तू मागे वळून माझ्याकडे पाहिलंस. त्या दिवशी संध्याकाळी मी अख्ख्या गल्लीला सांगत फिरलो होतो. दोरी तू स्वतःच सोडलीस हे मात्र आईला अजून सांगितलेलं नाही.

आम्हीही जातोय. अल-अनॉन घरच्यांसाठी असतं, तिथे. पहिल्याच दिवशी एक बाई म्हणाल्या, मुलीचं पिणं तुम्ही ओढवलेलं नाही, ते तुमच्या ताब्यात नाही आणि तुम्ही ते बरंही करू शकत नाही. आई रडली. मला मात्र बरं वाटलं, आणि रागही आला. रोज फोन करून तुझी हजेरी घ्यायची नाही, हेही त्यांनीच सांगितलं. मी घेणार नाही. सात वाजले की मी माळ्यावरचे पेपर लावत बसेन. सुमनआत्याला काय सांगायचं ते तू ठरव, आम्ही तेच सांगू.

डब्यात जवसाची चटणी आहे, झाकण घट्ट आहे, बेताने उघड. आणि खुल्या मीटिंगला घरच्यांना येता येतं म्हणतात. तुझ्या ग्रुपची असेल आणि आम्ही आलेलं तुला चालणार असेल तर तारीख आधी कळव, रिझर्वेशन लगेच भरतं.

तुझे,
बाबा