आईच्या टॅबवरची लाल पाटी

प्रिय आई,

टॅबवर आलेल्या लाल पाटीचा तू पाठवलेला फोटो पाहिला. टॅबला काहीही झालेलं नाही. व्हायरस नाही, काही खराब नाही, आतले फोटोही जागच्या जागी आहेत. हे आधी सांगते, कारण तुझा मेसेज आला तेव्हा इथे मध्यरात्र होती, आणि माझं उत्तर येईपर्यंत तू टॅब पालथा घालून ठेवला होतास असं बाबा म्हणाले. फोनवर सांगायला घेतलं की निम्मं राहूनच जातं, म्हणून नीट लिहून पाठवते. बाबांनाही वाचून दाखव, त्यांच्या प्रश्नांची उत्तरं यातच आहेत.

आधी तो फोटो पुन्हा एकदा बघ. ‘तुमचा टॅब ४ व्हायरसमुळे २८.१ टक्के खराब झाला आहे.’ दशांश चिन्हासकट! टॅबची खराबी अशी टक्क्यांत मोजायचं मापच अस्तित्वात नाही. कुणीतरी बसून तपासणी केली आहे असं वाटावं, एवढ्यासाठी तो ‘पॉइंट एक’ घातला आहे. खाली उलटं पळणारं घड्याळ आणि त्याखाली हिरवं बटण. मुळात वेबसाइटला तुझा टॅब आतून तपासताच येत नाही, ब्राउझर (म्हणजे साइट उघडायचं ॲप, तुझ्याकडे क्रोम) तिला तेवढं आत येऊच देत नाही. अनोळखी माणसाने उंबऱ्याबाहेर उभं राहून ‘तुमच्या माळ्यावर वाळवी लागली आहे’ असं सांगावं, तशातला हा प्रकार.

तू म्हणालीस, ‘अगं, पण त्यांना माझ्या टॅबचं मॉडेल कसं कळलं? शहराचं नावसुद्धा बरोबर होतं.’ खरी मेख इथेच आहे, याच ठिकाणी भलेभले गडबडतात. कुठलीही साइट उघडली की पान नीट दिसावं म्हणून ब्राउझर तिला थोडीफार माहिती देतो. समोर टॅब आहे की फोन, कुठली सिस्टीम आहे, आणि साइटने विचारलं तर मॉडेलसुद्धा. शहराचा अंदाज इंटरनेटच्या जोडणीच्या क्रमांकावरून, म्हणजे आयपी ॲड्रेसवरून येतो. हवामानाच्या साइटला तुझं शहर न सांगता कळतं ते असंच. हे सगळं प्रत्येक साइटला कळतं, फक्त बाकीच्या साइट त्याचा बाऊ करत नाहीत.

आणि ते किंचाळणं. ‘मी काहीच दाबलं नाही, नुसतं बाजूला बोट लावलं तर टॅब ओरडायला लागला,’ असं तू लिहिलंयस. तुझं निरीक्षण अचूक आहे. आवाज काढायला किंवा अख्खी स्क्रीन व्यापायला पानाला सहसा तुझा एक स्पर्श लागतो, आणि तो पानावर कुठेही झाला तरी चालतो. म्हणून तर अशा पानांवर ‘रद्द करा’ हे बटणही मोठं असतं आणि कोपऱ्यातला क्रॉस तर निव्वळ चित्र असतो. त्यातलं काहीही दाबलं तरी त्यांचं काम होतं. बॅक दाबल्यावर तेच पान पुन्हा पुन्हा येतं, तीही त्यांचीच करामत.

पण होमचं बटण कुठल्याही वेबसाइटच्या ताब्यात नसतं, हे मात्र पक्कं ध्यानात ठेव. पाटी आली की तिच्यावर कुठेही बोट न लावता थेट होमवर यायचं. तुझ्या टॅबवर खाली बटण नाही, तेव्हा खालच्या कडेवरून बोट वर सरकवायचं. मग वरची पट्टी खाली ओढून विमानाचं चिन्ह दाबायचं, म्हणजे इंटरनेट बंद. आता क्रोम उघड. ते पान परत दिसेल, पण नेट नसल्यामुळे त्याला नवीन काही आणता येणार नाही. क्रोमच्या अगदी वरच्या पट्टीत उघड्या पानांची नावं असतात, त्यातल्या त्या पानाच्या नावाशेजारच्या बारीक क्रॉसवर दाब. हा क्रॉस क्रोमचा स्वतःचा, त्यामुळे तो बिनधास्त वापरायचा. झालं. नेट पुन्हा चालू कर आणि आपल्या कामाला लाग.

एवढं करूनही तुला रोज सकाळी ‘धोका! बॅटरी खराब होत आहे’ अशा सूचना येत राहिल्या, तर त्याचं कारण वेगळं. क्रोम बंद असतानाही त्या येतात, म्हणून माणसाला वाटतं की टॅबच बोलतोय. प्रत्यक्षात कधीतरी एखाद्या साइटने नोटिफिकेशनची परवानगी मागितलेली असते आणि ती दिली गेलेली असते. ती मागायची पद्धतही लबाडीची. ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा’ किंवा ‘व्हिडिओ बघण्यासाठी अलाउ दाबा’. रोबोट आहे की नाही हे तपासायला नोटिफिकेशनची परवानगी कधीच लागत नाही. अशी सूचना आली की तिच्यातला मजकूर सोड आणि वरची बारीक ओळ वाच. तिथे क्रोमचं नाव आणि एखाद्या साइटचा पत्ता असेल. टॅबच्या सिस्टीमची खरी सूचना असेल तर तिथे साइटचा पत्ता नसतो.

ती परवानगी काढायची अशी: क्रोममध्ये उजवीकडे वर तीन ठिपके, मग सेटिंग्ज, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. परवानगी असलेल्या साइटची यादी येते. माझं मत विचारशील तर सरसकट सगळ्या ब्लॉक कर. बातम्या वाचायच्या तर आपण होऊन उघडून वाचू, त्यांनी दारात येऊन हाका मारायची काय गरज!

आता बाबांचा मुद्दा. ते म्हणाले, ‘स्पेलिंगच्या चुका बघायच्या, चूक असली की खोटं.’ बाबा, ते दिवस गेले. हल्ली या पाट्या स्वच्छ मराठीत येतात, लोगोही हुबेहूब असतो. त्यामुळे मी सूचना खरी की खोटी हे तिच्याकडे बघून ठरवायचंच सोडून दिलंय. तिने दाखवलेल्या वाटेने न जाता आपल्या वाटेने जायचं. ‘अपडेट करा’ म्हणते? ठीक, ती बाजूला सारायची आणि आपण सेटिंग्जमध्ये सिस्टीम अपडेट उघडायचं (काही टॅबवर ते सॉफ्टवेअर अपडेट नावाने असतं). खरंच अपडेट असेल तर तिथे दिसेलच. ‘व्हायरस आहे’ म्हणते? प्ले स्टोअर उघडून वर आपल्या फोटोवर दाबायचं, प्ले प्रोटेक्टमध्ये जायचं आणि तपासणी करायची. गूगलने हे २०१७ पासून दिलेलं आहे आणि ते फुकट आहे. बँकेचं काही म्हणते? बँकेचं ॲप स्वतः उघडायचं. सूचना खरी असली तरी या वळशात काही बिघडत नाही, चार मिनिटं जास्त जातात इतकंच.

बाबांना खोट्या सूचनांपेक्षा खऱ्याच जास्त छळतात असं दिसतंय. बोटाचा ठसा चालत असताना टॅब मध्येच पिन मागतो, ते हॅकिंग नाही. टॅब बंद करून चालू केला की पहिल्यांदा पिन लागतोच, शिवाय अँड्रॉइड निदान दर ७२ तासांतून एकदा तरी पिन, पॅटर्न किंवा पासवर्ड मागतो. हा पिन कुलपाच्या स्क्रीनवर द्यायचा. तोच पिन एखादं वेबपान किंवा फोनवरचा माणूस मागायला लागला, तर नाही.

कपाटातला जुना टॅब चार्ज केल्यावर प्रत्येक साइटवर ‘तुमचं कनेक्शन खाजगी नाही’ आलं, तीही सूचना खरी होती, फक्त कारण साधं. बॅटरी पार संपून पडून राहिल्यामुळे टॅबची तारीख मागे गेली होती. प्रत्येक साइटकडे सर्टिफिकेट, म्हणजे तिचं ओळखपत्र असतं आणि त्याला मुदत असते, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत. २०२० पासून ब्राउझर साधारण तेरा महिन्यांहून जास्त मुदतीचं नवीन सर्टिफिकेट मान्य करत नाहीत, आणि ही मुदत आणखी कमी होत चालली आहे. टॅबच्या हिशेबाने आज जुनंच एखादं साल असेल, तर त्याला सगळी सर्टिफिकेटं अजून सुरूच न झालेली दिसणार. तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’वर ठेवली की प्रश्न मिटतो. तारीख बरोबर असूनही बँकेच्या साइटवर असं आलं, तर मात्र ‘तरीही पुढे जा’ दाबायचं नाही, ते पान तिथेच सोडायचं.

सगळ्यात जपायची सूचना मात्र दिसायला अगदी साधी असते. ना लाल रंग, ना आवाज. ‘तुम्ही साइन-इन करायचा प्रयत्न करत आहात का?’ खाली हो आणि नाही. ही सहसा गूगलचीच असते, खरी. पण तू त्या वेळी कुठेही साइन-इन करत नसशील, तर दुसरं कुणीतरी करतंय, आणि बहुतेक वेळा तुझा पासवर्ड त्याच्या हाती आधीच लागलेला असतो. अडलंय ते फक्त तुझ्या ‘हो’वर. हे लोक कंटाळा येईपर्यंत तीच सूचना पाठवत राहतात, एकदाची कटकट जावी म्हणून माणूस हो म्हणून टाकतो. सप्टेंबर २०२२ मध्ये उबरसारख्या कंपनीत हॅकर असाच शिरला. त्यांच्यासाठी काम करणाऱ्या एका कंत्राटदाराला मंजुरीच्या सूचना येत राहिल्या आणि शेवटी त्याने एक मंजूर केली. ते तर कामासाठी रोज लॉगिन करणारे लोक. तेव्हा असं आलं की ‘नाही’ दाब, कितीही वेळा येऊ दे, आणि मग आपल्या वाटेने गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन पासवर्ड बदल. तिथेच तुझं खातं कुठल्या कुठल्या उपकरणांवर चालू आहे तेही दिसतं, अनोळखी दिसेल त्याला साइन-आउट कर.

मावशीला एक सांग. तिच्या आयपॅडवर ठरावीक वेळेला ‘आयपॅड इन्फेक्टेड’ असं वाजतं, ते बहुधा कॅलेंडर आहे. कुठल्याशा पानावर चुकून एक परकं कॅलेंडर जोडलं जातं आणि मग त्यातल्या नोंदी आठवण म्हणून वाजत बसतात. कॅलेंडर ॲपमध्ये कॅलेंडरांची यादी उघडायची, अनोळखी नावाशेजारच्या ‘i’ चिन्हावर दाबून ते काढून टाकायचं. त्यातल्या लिंकवर जायचं नाही.

बाबांचा शेवटचा प्रश्न, क्लीनर किंवा अँटिव्हायरस टाकावा का? नको. ॲप प्ले स्टोअरमधूनच घेत असाल आणि अपडेट होत असतील तर तुम्हाला त्याची गरज नाही. फुकटचे क्लीनर तर स्वतःच दिवसभर ‘टॅब मंद झाला, साफ करा’ असं ओरडत असतात. त्यातून एखाद्याने ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागितली तर सरळ काढून टाका. ती परवानगी मिळाली की ॲप स्क्रीनवरचं सगळं वाचू शकतं आणि आपल्या वतीने बटणंही दाबू शकतं. बँकेचे पैसे लांबवणारी ॲप नेमकी तीच मागतात. म्हणून अँड्रॉइड १३ पासून प्ले स्टोअरच्या बाहेरून टाकलेल्या ॲपला ती सहजासहजी मिळत नाही, ‘मर्यादित सेटिंग’ असा अडथळा येतो. तो अडथळा कसा काढायचा हे कुणी फोनवर प्रेमाने शिकवायला लागलं, तर फोन ठेवून द्यायचा. उद्धटपणा वाटला तरी चालेल.

रविवारी मी फोन करेन तेव्हा टॅब चार्ज करून जवळ ठेव. सेटिंग्जमधली ॲक्सेसिबिलिटी उघडून त्यात डाउनलोड केलेली जी ॲप दिसतील त्यांची नावं मला वाचून दाखव. तोपर्यंत टॅब वापरायला काही हरकत नाही, आणि आता तो सरळ ठेव.

बाबांना नमस्कार.

तुझी,
ताई