सगळे कामगार डावखुरे

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

सोबत एका चित्राचा फोटो मोठा करून पाठवतेय. बाबा, चष्मा लावूनच बघा, गंमत बारीक रेघांत आहे. फौंड्रीत वितळलेल्या धातूचं ओतकाम चाललंय. दोघांनी लॅडलचा (आई, म्हणजे रस ओतायच्या मोठ्या पळीचा) दांडा पेललाय, तिसरा सळईनं रसावरची मळी अडवतोय, रस साच्यात पडतोय. तुम्ही पहिल्यांदा काय विचाराल ते मला ठाऊक आहे: सळई डाव्या हातात, मागच्याचा हातोडाही डाव्याच हातात, सगळे डावखुरे कसे?

हे एचिंग आहे. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा पातळ थर देतात, सुईनं तो खरवडून चित्र काढतात आणि पत्रा आम्लात सोडतात. जिथलं मेण गेलं तिथलंच तांबं आम्ल खातं. मग त्या चरांत शाई भरायची, वरची पुसून घ्यायची आणि ओलसर कागद ठेवून सगळं जड रुळांखालून काढायचं. छाप उलटी उमटते, म्हणून उजवा हात डावा होतो. साचा आणि ओतीव माल यांचं नातं तुम्हाला मी काय सांगणार!

खरी करामत आम्लाच्या वेळेत आहे. जेवढा वेळ जास्त, तेवढा चर खोल आणि रेघ काळी. इथे चेहऱ्यांच्या रेघांवर लवकर वॉर्निश फिरवून त्या झाकल्यात, हात आणि लॅडल मात्र पुन्हा पुन्हा आम्लात गेलेत. मनगटाच्या शिरा बघा, कागदावर बोट फिरवलं तर लागतील इतक्या गडद. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, चेहरे अर्धवटच राहिलेत. मला नाही पटलं. रस ओतताना कोण कुणाच्या तोंडाकडे बघतं? आणि तो रस म्हणजे नुसता कोरा कागद आहे, तिथे सुई टेकवलेलीच नाही.

आई, तुला यात कदाचित रस वाटणार नाही (हा वेगळा रस). तुझ्यासाठी जर्मन चित्रकार मेंझेलचं १८७५ सालचं लोखंड लाटण्याच्या कारखान्याचं तैलचित्र शोधून ठेवलंय. मधे तापलेलं लोखंड, धूर, माणसांची झुंबड, आणि खाली उजव्या कोपऱ्यात काही जण घाईघाईनं जेवताहेत. टोपली घेऊन आलेली एक मुलगीही आहे. याच मेंझेलनं १८९८ मध्ये केटे कोलवित्झ या चित्रकर्तीच्या विणकरांवरच्या चित्रमालेला पदक द्यावं म्हणून शिफारस केली होती. जर्मन सम्राटानं ते नाकारलं. त्या सहा चित्रांतली तीन एचिंगच होती.

बाबा, एक शंका आहे. तो सळईवाला लॅडलच्या तोंडाच्या फारच जवळ उभा नाही का? शिवाय पायांत साधे बूट दिसतात. चित्रकारानं हे समोर उभं राहून काढलंय की ऐकीव माहितीवर, हे तुम्हीच सांगू शकाल. रविवारी फोन करते, तोवर नीट बघून ठेवा.

तुमची,
मनू