जेट विमानांच्या संख्येवरील मर्यादा काढून टाकल्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: 1945 च्या ऱ्हाइन नकाशावर मेसरश्मिट 262 हे विमान अमर्याद उपलब्ध करून दिल्याबाबत

महोदय,

आपल्या हवाई युद्धाच्या ऑनलाइन खेळाचा मी चार वर्षांपासून सशुल्क ग्राहक आहे. गेल्या महिन्यातील अपडेटपासून ऱ्हाइन नकाशावर जर्मन बाजूच्या कोणत्याही खेळाडूला मेसरश्मिट 262 हे जेट हवे तितक्या वेळा घेता येते. या एका बदलामुळे तो नकाशा खेळण्याजोगा राहिलेला नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आधीची पद्धत निर्दोष होती असे माझे म्हणणे नाही. तेव्हा प्रत्येक मिशनमध्ये आठ जेट ठेवलेली असत आणि जो आधी येईल त्याला ती मिळत; मिशन युरोपातील संध्याकाळी सुरू होत असल्याने भारतातून खेळणारे आम्ही रात्री अकराला येईपर्यंत एकही शिल्लक नसे. त्याविरुद्ध मीही आपल्याला लिहिले होते. परंतु वाटप चुकीचे आहे, याचा अर्थ मर्यादाच नको, असा आपण का घेतला हे मला समजलेले नाही.

मेसरश्मिट 262 ताशी सुमारे 870 किलोमीटर वेगाने जाते आणि त्याच्या नाकात 30 मिलिमीटरच्या चार तोफा आहेत. सरळ उड्डाणात मित्रराष्ट्रांचे मस्टँग किंवा टेम्पेस्ट हे पंख्याचे लढाऊ विमान त्याला गाठू शकत नाही. प्रत्यक्ष दुसऱ्या महायुद्धात हा वरचढपणा निर्णायक ठरला नाही, कारण हे विमान दुर्मीळ आणि नाजूक होते. एकूण सुमारे 1,400 विमाने बांधली गेली, पण इंधन, सुटे भाग आणि अनुभवी वैमानिक यांच्या टंचाईमुळे त्यांतली थोडीच एका वेळी उडू शकत. इंजिनांचे आयुष्य जेमतेम 10 ते 25 तासांचे होते, आणि थ्रॉटल (इंजिनाचा जोर वाढवणारा दांडा) घाईने पुढे ढकलल्यास इंजिन पेट घेण्याची किंवा बंद पडण्याची भीती असे. उतरताना ते इतके संथ आणि असहाय होई की मित्रराष्ट्रांचे वैमानिक जेटच्या विमानतळांवर पाळत ठेवून नेमके त्याच वेळी हल्ला करीत. म्हणून त्याच्या रक्षणासाठी फोकेवुल्फ 190 डी-9 ही पंख्याची जर्मन लढाऊ विमाने ठेवावी लागली; एका तुकडीने तर आपल्याच विमानविरोधी तोफांनी ओळखावे यासाठी त्यांची पोटाकडची बाजू लाल रंगवून त्यावर पांढरे पट्टे ओढले होते. मला या नकाशाचे सर्वांत मोठे आकर्षण वाटत होते ते याच साखळीचे: जेट, त्याचे रखवालदार आणि दबा धरून बसलेले टेम्पेस्ट.

ती साखळी आता तुटली आहे. इंजिन जळाले किंवा विमान कोसळले तरी खेळाडू मिनिटाभरात नवे जेट घेऊन परत येतो, त्यामुळे ते जपून चालवण्याचे, सुखरूप उतरवण्याचे किंवा त्याचे रक्षण करण्याचे कोणालाच कारण उरलेले नाही. मागील शनिवारी मी मित्रराष्ट्रांकडून खेळत असताना आमच्या बाजूचे सहा टेम्पेस्ट वीस मिनिटे एका विमानतळाभोवती थांबले होते. आम्ही पाडलेला एक खेळाडू त्याच अवधीत तीन वेळा उड्डाण करून गेला.

माझी विनंती अशी की जेटची संख्या मिशनऐवजी प्रत्येक विमानतळाच्या साठ्याशी जोडावी. विमान नष्ट झाले तर साठा घटावा आणि ते सुखरूप परतले तर पुन्हा साठ्यात जमा व्हावे. मालवाहू विमाने व रेल्वेगाड्या पोहोचल्या तरच त्यात भर पडावी. आणि एका खेळाडूला एका मिशनमध्ये एकच जेट गमावता यावे. त्याशिवाय काही साठा मिशनच्या उत्तरार्धासाठी राखून ठेवल्यास उशिरा येणाऱ्यांवरही अन्याय होणार नाही. दोन्ही बाजूंची विमाने तुल्यबळ असावीत अशी माझी मागणी नाही. ती तशी नव्हतीच.

फोकेवुल्फ डी-9 हे विमान मी आपल्याकडून स्वतंत्र किंमत देऊन घेतले आहे आणि सध्याच्या नियमांत त्याला काही काम उरलेले नाही. मर्यादा पुन्हा लागू करणार असल्यास त्याची तारीख, आणि करणार नसल्यास त्या खरेदीच्या परताव्याची पद्धत, पंधरा दिवसांच्या आत लेखी कळवावी.

आपला,
एक नियमित ग्राहक