कृष्णविवरावरून परतणाऱ्या लहरी

ती. आई व ती. बाबा यांस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

बाबा, कृष्णविवर सगळेच गिळते, मग त्याच्यावर पडलेली लहर परत येतेच कशी, हा तुमचा प्रश्न फोनवर उरकण्यासारखा नव्हता, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

घटनाक्षितिजाच्या, म्हणजे कृष्णविवराच्या सीमेच्या, आतून काहीही बाहेर येत नाही, हे तुमचे म्हणणे अगदी बरोबर आहे. परंतु लहर परतायची की नाही, हे क्षितिजाच्या बाहेरच ठरते. न फिरणाऱ्या कृष्णविवराभोवती, क्षितिजाच्या त्रिज्येच्या साधारण दीडपट अंतरावर, जिथे प्रकाशसुद्धा वर्तुळात फिरू शकतो, तिथले वक्र अवकाशच लहरींना अडथळा होते. कृष्णविवराच्या मानाने खूप लांब असलेल्या लहरींचा बहुतेक भाग तिथून मागे फिरतो, तर थेट त्याच्या रोखाने आलेल्या आखूड लहरी अडथळा ओलांडून कायमच्या नाहीशा होतात.

या दोहोंच्या मधले जे आहे, ते मला सर्वांत विलक्षण वाटते. बेंगळुरूचे सी. व्ही. विश्वेश्वरा अमेरिकेत चार्ल्स मिस्नर यांच्या हाताखाली संशोधन करत होते. जे दिसतच नाही ते ओळखायचे कसे, या प्रश्नावर त्यांनी गणितातच कृष्णविवरावर गुरुत्वीय लहरींचे (अवकाशाच्याच ताणण्या-आकसण्याच्या लहरींचे) स्पंद, म्हणजे छोटे झटके, सोडून पाहिले. स्पंद रुंद असताना जवळजवळ त्याच आकाराची लहर परत आली. पण त्याची रुंदी कृष्णविवराच्या आकाराइतकी कमी केल्यावर परतलेल्या लहरीत निराळेच काही उमटले, ते म्हणजे ठराविक वारंवारतेचे, झपाट्याने ओसरणारे कंपन. देवळातली घंटा कोणीही वाजवली तरी नाद घंटेचाच असतो, तसे हे कंपन येणाऱ्या लहरीवर नव्हे, तर केवळ कृष्णविवराच्या वस्तुमानावर (आणि ते फिरत असेल तर त्या गतीवर) अवलंबून असते. हा निष्कर्ष १९७० साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

पुढे १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या 'लायगो'च्या दोन्ही वेधशाळांनी सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानाच्या दोन कृष्णविवरांचे मीलन टिपले. त्या नोंदीच्या शेवटी सुमारे २५० हर्ट्झचे, काही मिलिसेकंदांत विरलेले तेच कंपन होते. आई, हा आवाज नव्हे, हे अवकाशाचेच ताणले-आकसले जाणे आहे, आणि तेही इतके सूक्ष्म की वेधशाळेच्या चार किलोमीटर लांबीच्या भुजेत प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही कमी फरक पडला. मात्र त्या नोंदीचे ध्वनीत रूपांतर केले तर ती आपल्या कानांना ऐकू येते. फेब्रुवारी २०१६ मधली त्याची घोषणा विश्वेश्वरांनी पाहिली, याचे मला फार समाधान वाटते. पुढच्याच जानेवारीत ते गेले.

२०२५ च्या संक्रांतीला आलेला संकेत तर इतका स्पष्ट होता की त्यात कंपनाचा मूळ स्वर आणि त्याच्या जोडीचा, अधिक लवकर विरणारा दुसरा स्वर असे दोन्ही वेगळे काढता आले. रॉय कर यांनी १९६३ साली मांडलेल्या फिरत्या कृष्णविवराच्या गणिताशी ते दोन्ही जुळले. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळची लायगो-इंडिया ही तशीच वेधशाळा सुरू झाली की अशी लहर आकाशाच्या कोणत्या भागातून आली, हे पुष्कळच नेमके सांगता येईल.

फिरत्या कृष्णविवरावरून काही लहरी आणली त्याहून अधिक ऊर्जा घेऊन परततात. बाबा, ती ऊर्जा कुठून येते, हे पुढच्या पत्रात लिहीन. कळावे.

तुमची लेक